आबा, पळा की!

पैठणला घाई कधी मानवलीच नाही. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात आमच्या गावाची नोंद आहे: भडोचपासून दक्षिणेला २० दिवसांच्या वाटेवर. मॅरेथॉनची गोष्ट जगाला सांगणारे ग्रीक, पण पैठणचा विषय निघाला की त्यांनीही गाडीवाटेचाच हिशेब मांडला. भरजरी पदराची पैठणी मागावरून उतरायला महिनेच्या महिने लागतात, आणि जाणतं गिऱ्हाईक 'जरा हात चालवा' म्हणत नाही. जायकवाडी धरणाची पायाभरणी शास्त्रीजींनी १९६५ साली केली, उद्घाटन इंदिराजींनी १९७६ साली. नाथषष्ठीला दिंड्या येतात त्या चालत, आषाढीला संत एकनाथांची पालखी पंढरपूरला जाते तीही चालत. रिंगणात वारकरी धावतात खरे, पण गोल. त्यामुळे पहिला कोण आला म्हणून भांडायची सोयच नाही.

अशा गावात लहान मुलांच्या 'फन रन'चा फ्लेक्स लागला. गट सहा वर्षांखालील, अंतर एक किलोमीटर, आणि तळाला बारीक अक्षरांत 'सोबत एक पालक धावणे आवश्यक'. ती बारीक अक्षरं घरात सगळ्यांनी वाचली आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. चिरंजिवांचा गुडघा त्याच संध्याकाळी दुखायला लागला. सूनबाईंना नंबरपट्ट्या वाटायच्या टेबलावर बसायचं होतं. मी म्हणालो, अहो, उभी नोकरी धरणावर गेली माझी. २७ दरवाजांतून पाणी पळताना बघितलं, पण खात्यानं मला पळायला कधी लावलं नाही. त्यावर सौभाग्यवती कणीक तिंबता तिंबता म्हणाल्या, "ज्या गावात ज्ञानोबांनी रेड्याकडून वेद म्हणवून घेतले, तिथं तुमच्याकडून एक किलोमीटर होणार नाही का?"

पुराणातलं उदाहरण आलं की आमच्या घरात चर्चा संपते.

डिसेंबरातली पहाट, धरणाच्या नाथसागरावरून येणारं बोचरं वारं. सगळ्यांना एकाच मापाचे टी-शर्ट वाटलेले. नातवाचा त्याच्या पोटऱ्यांपर्यंत, माझा माझ्या बेंबीपर्यंत. वर माकडटोपी, खाली कॅनव्हासचे बूट. छातीवर नंबर लावायला चार सेफ्टी पिना मिळाल्या. त्यातल्या दोन नातवानं खिशात घातल्या, 'आजीला लागतात' म्हणून. स्टेजवर ट्रॅकसूट घातलेली एक मुलगी झुंबा करायला सांगत होती. पोरं तोंडं उघडी टाकून बघत होती, आणि पोरांना सोडायला आलेल्या आज्या मात्र पदर खोचून मनापासून झुंबा करत होत्या.

प्रमुख पाहुणे यायचे होते. पाहुणे येईपर्यंत माइकवाल्यानं माइक तपासायला घेतला. "हॅलो, माइक टेस्टिंग, वन, टू, थ्री!" थ्री म्हटल्याबरोबर निम्मी पोरं सुटली. पाठोपाठ आयाबाप, त्यांच्यामागे शिट्ट्या फुंकत स्वयंसेवक. पार पहिल्या चौकातून एकेकाला धरून आणलं. पाहुणे आले, भाषण झालं. शेजारच्या बीड जिल्ह्यातला, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे, २०२३ च्या हांगझोऊ एशियाडमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसचं सुवर्ण, हे पाहुण्यांनी चांगलं सांगितलं. त्या शर्यतीत अडथळ्यांवरून जावं लागतं, पाण्यात उडी पडते, हेही सांगितलं. मग झेंडा हलला. तेव्हा मघाशी धरून आणलेली पोरं जागची हलेनात. त्यांचं म्हणणं, आमचं झालंय पळून. अगदीच बिनतोड.

सुटलेल्यांची तऱ्हा निराळी. एक चिमुरडी उलट दिशेला पळाली, कारण तिची आई तिकडे उभी होती. एक वडील मुलाचा दंड धरून त्याला असे ओढत होते की पोराचा एक पाय रस्त्याला आणि एक हवेत. वर त्याला बुधिया सिंगची गोष्ट ऐकवत होते: ओडिशाचा, चार वर्षांचा, २००६ साली पुरी ते भुवनेश्वर ६५ किलोमीटर! त्यानंतर सरकारनं त्याच्या असल्या धावण्याला बंदी घातली, तो भाग त्यांनी वगळला. पोराला ऐकू येत होतं की नाही कोण जाणे. त्याचं सगळं लक्ष शेवटी मिळणाऱ्या केळ्याकडे होतं.

आमचे नातू मात्र भाषण ऐकून आलेले. त्यातलं त्यांना नेमकं एवढंच कळलं होतं की मोठे धावपटू पाण्यात उड्या मारतात. एका हॉटेलवाल्यानं दारात सडा टाकून डबकं केलं होतं. तिथं उडी झाली. मग मागे येऊन परत एक. मग "आबा, आता तुम्ही." माझ्या कॅनव्हासच्या बुटांनी ते सगळं पाणी पिऊन घेतलं. पुढे प्रत्येक पावलाला पच्-पच् आवाज. नातू खूश. "आबा, पळा की! मस्त वाजतंय!"

अर्ध्या वाटेवर एक गाढव उभं होतं. पैठणचं पोर आणि गाढव समोरासमोर आले की पुढे काय होणार, हे इथल्या कुणालाही सांगावं लागत नाही. नाथांनी रामेश्वरासाठी नेलेलं कावडीतलं गंगेचं पाणी तहानलेल्या गाढवाला पाजलं, ही गोष्ट मीच रात्री झोपताना सांगत आलोय. नातवानं बाटलीचं झाकण काढलं, ओंजळीत पाणी ओतलं आणि ओंजळ पुढे केली. गाढवानं वास घेतला आणि तोंड फिरवलं.

"आबा, हे पीत नाही."

"गंगेचं नाही ना ते. संत्र्याच्या चवीचं ग्लुकोज आहे."

"मग गंगेचं आणू?"

गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात आणि ती हाकेच्या अंतरावर होती, त्यामुळे धोका खरा होता. त्याला कसाबसा वळवला. एव्हाना रस्त्यावर आम्ही दोघंच उरलो होतो. मागे दिवा फिरवत अँब्युलन्स मुंगीच्या पावलानं येत होती. शेवटच्या धावपटूच्या मागे राहायचं, एवढंच तिचं काम. मी दम खायला थांबलो की तीही थांबायची. चालकानं काच खाली करून विचारलं, "आबा, बसता का?" मी मान हलवणार, तोच नातू माझा हात ओढत म्हणाला, "नाही, आम्ही पळायलोत."

शेवटच्या रेषेवरची कमान तोवर निम्मी उतरवली होती. पदक मिळालं; सगळ्यांनाच होतं. केळी संपली होती.

घरी आल्यावर आजीनं ओवाळलं आणि विचारलं, "कितवा आला माझा राजा?"

"शेवटून पहिला!" छाती काढून उत्तर. "माझ्यामागं अँब्युलन्स होती. दुसऱ्या कुणाच्याच मागं नव्हती."

गल्लीभर ही बातमी तो स्वतः सांगून आला. पुढच्या वर्षीही हाच नंबर काढायचा, असं त्यानं ठरवलंय; ड्रायव्हरकाकांनी सायरन वाजवू देण्याचं कबूल केलंय म्हणे. सूनबाई त्याला हळू पळायची सवय लागू नये म्हणून चिंतेत आहेत. चिरंजिवांचा गुडघा बरा आहे, पण डिसेंबर जवळ आला की दुखेल असा रंग दिसतो. आणि मी बूट वाळत घातलेत.