लेव्हल थ्रीवाले दादा

इंग्लंडात जिथे चार मराठी बिऱ्हाडं आहेत, तिथे एक दादा असतातच. स्लाऊ, हॅरो, रेडिंग, मिल्टन कीन्स, कुठेही जा. पोटापाण्याचा उद्योग कुठल्याशा बँकेच्या सॉफ्टवेअरचा, पण ख्याती घरखरेदीतली. स्वतः घर घेतलं ते एकदाच, दहा-बारा वर्षांपूर्वी. त्या एका भांडवलावर त्यांनी निम्म्या मंडळाला घरं घ्यायला मदत केली आणि उरलेल्या निम्म्याला घेऊ दिली नाहीत.

गणपतीची आरती झालेली असते. नवं जोडपं खिरापत घेताना कुणाशी तरी सहज बोलून जातं, "भाडं फार झालंय हो, एक घर आवडलंय." पाच माणसं ओलांडून दादा येतात. पहिला प्रश्न, "ऑफर लावलीस?" दुसरा, "सॉलिसिटर कोणाचा?"

"एजंटनेच नंबर दिला," नवरा खुशीत सांगतो. "फार बरं झालं. शोधायचा त्रास वाचला."

दादा डोळे मिटून घेतात. अशा वेळी त्यांना जरा वेळ द्यावा लागतो.

त्यांचं सगळं शास्त्र एवढंच: या व्यवहारात तुझा माणूस कोणता, ते आधी ओळख. एजंट कॉफी विचारतो, मुलीला चॉकलेट देतो, पण तो विकणाऱ्याचा, कमिशन तिकडून. बँक व्हॅल्युअर पाठवते, तो बँकेचा. कर्ज बुडालं तर घर विकून पैसे वसूल होतील ना, एवढंच तो बघतो, आणि पुष्कळदा घरात पाऊल न टाकता कम्प्यूटरवरच बघतो. एजंटने सुचवलेला सॉलिसिटर कायद्याने तुझाच, पण तुला तिकडे धाडल्याबद्दल एजंटला बिदागी मिळते. ती किती, हे विचारायचा तुला हक्क आहे, विचारलंस? उरले दोघे, तू निवडलेला सॉलिसिटर आणि तू निवडलेला सर्व्हेयर. "आणि लोक," दादा म्हणतात, "चार लाख पौंडांचं घर घेतात आणि घासाघीस नेमकी या दोघांशी करतात."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दादा त्या जोडप्याकडे पोह्याला. फोन स्पीकरवर. सॉलिसिटरांची मुलाखत सुरू.

आमच्या बँकेच्या पॅनलवर आहात का? नसाल तर बँक स्वतःचा वकील लावणार आणि त्याचं बिल आमच्या माथी. फाइल प्रत्यक्ष कोण बघणार, नाव काय? त्या बाई ऑगस्टमध्ये रजेवर कधी? सौदा फिसकटला तर किती घेणार? जागेच्या नोंदींचा सर्च, ओळखतपासणी, पैसे पाठवायचा खर्च, सगळं धरून आकडा सांगा, जाहिरातीतला नको. सॉलिसिटरच हवा असा दादांचा हट्ट नाही. लायसन्स्ड कन्व्हेयन्सरही चालतो; १९८५ च्या कायद्याने ही वेगळी जमात जन्माला आली, घरखरेदीपुरती दोघांची पत सारखीच. त्यांचा राग आहे तो कॉल सेंटरवर, जिथे दर वेळी नवा माणूस फोन उचलतो आणि दर वेळी फाइल नंबरपासून सुरुवात होते.

सॉलिसिटर ठरला की त्याची पहिली मागणी येते, पैसे कुठून आले ते दाखवा. इथे दादांची खरी कसोटी, कारण पैसे साताऱ्याहून आलेले असतात. नानांनी एफडी मोडून पाठवलेले. सॉलिसिटरला नानांची ओळखपत्रं हवीत, बँकेची स्टेटमेंटं हवीत, आणि वर एक सहीचं पत्र, की ही रक्कम भेट आहे, परत मागणार नाही, घरावर माझा हक्क सांगणार नाही. व्हिडिओ कॉलवर नाना भडकतात. "माझ्या पोराला मी पैसे दिले, त्याचा पुरावा कोण मागतो? आणि हक्क सांगणार नाही म्हणजे? पोरगंच माझं आहे ना?" दादा त्यांना मनी लाँडरिंगचे नियम समजावतात. नाना ऐकून घेतात आणि म्हणतात, "म्हणजे चोर समजतात." दादा म्हणतात, "सगळ्यांनाच समजतात, नाना." मग सही होते.

हे निभावलं की दादा आवाज खाली आणून विचारतात, "भारतात काही आहे का तुझ्या नावावर?"

"हिंजवडीला वन बीएचके. भाड्याने दिलाय."

पोहे थंड होतात. नवरा आजवर स्वतःला पहिल्यांदा घर घेणारा समजत होता. इंग्लंडचा कर तसं समजत नाही. जगात कुठेही घर असलं की पहिल्या घराची सवलत गेली. चार लाखांच्या घरावर, एप्रिल २०२५ नंतरच्या दराने, सवलतवाल्याला ५,००० पौंड स्टँप ड्यूटी. सवलत नसेल तर १०,०००. आणि परदेशातलं ते घर ४०,००० पौंडांच्या वरचं असेल, तर दुसरं घर म्हणून किमतीच्या आणखी ५ टक्के, म्हणजे एकूण ३०,०००. बायको हुशार असते. "मग माझ्या एकटीच्या नावावर घेऊ." दादा कीव आल्यासारखे हसतात. एकत्र राहणारे नवरा-बायको या जादा करापुरते एकच. लग्नात भटजींनी सांगितलं होतं तेच, पण इथे ते अमलात आणतात.

घर बघायला दादा स्वतः येतात, आणि त्यांच्या पोतडीतली हत्यारं एजंटला अस्वस्थ करतात. टॉर्च. दोन खिळ्यांचं ओल मोजायचं मीटर, ऑनलाइन मागवलेलं. आणि एक गोटी. काचेची, आत निळी पाकळी असलेली, लहानपणची. वरच्या मजल्यावर कार्पेट नसलेली एकच खोली सापडते. दादा उकिडवे बसतात, गोटी जमिनीला टेकवतात आणि बोट सोडतात. जोडपं, एजंट, विकणाऱ्या आजीबाई, सगळे श्वास रोखून. गोटी रेंगाळते, मग खिडकीकडे निघते, रेडिएटरखाली जाऊन थांबते. "१९३० च्या आसपासचं घर," दादा निकाल देतात, "एवढं चालायचंच." आजीबाईंचा जीव भांड्यात पडतो. पण दादा आता छताकडे बघत असतात. सगळी खोली पिवळट, मधेच दोन हात चौरस पांढराशुभ्र रंग. "हा तुकडा कधी रंगवलात?" असं ते आजीबाईंना इतक्या प्रेमाने विचारतात, की त्या बिचाऱ्या महिना सांगतात. पुढे वरचा फ्लश ओढून खालचा नळ उघडणं, कपाटात डोकं घालून वास घेणं, कुंपणावरून तिघा शेजाऱ्यांच्या बागेत जॅपनीज नॉटवीड शोधणं. लंडनची चिकणमाती कोरड्या उन्हाळ्यात आकसते आणि घर खचतं, म्हणून मोठ्या झाडापासूनचं अंतर पावलांनी मोजणं.

एवढं करूनही ते म्हणतात, "हा सर्व्हे नव्हे. सर्व्हे लेव्हल थ्रीच." चार्टर्ड सर्व्हेयरांचे हे तीन दर्जे: एक म्हणजे धावती नजर, दोन म्हणजे सरळसाध्या घराला पुरेल एवढं, तीन म्हणजे जुन्या, वाढवलेल्या, शंकास्पद घराची उलटतपासणी. दादांच्या लेखी शंकास्पद नाही असं घर बांधलंच गेलेलं नाही. पाच वर्षांच्या फ्लॅटलाही ते तीनच सांगतात. तिथे मात्र मी त्यांचं ऐकू नका असं सांगतो.

अहवाल येतो तेव्हा रडारड ठरलेली. तातडीच्या दोषांना दिलेला तांबडा तीनचा आकडा पानोपानी बघून नवरा ऑफर मागे घ्यायला निघतो. इथे दादा खरे कामाला येतात. "हा तीन विजेचा. सर्टिफिकेट दाखवलं नाही की बहुतेक सगळे तीन देतात. हा गॅसचा, तसाच. हा धुरांड्याचा; हा खरा तीन. याचं कोटेशन घे आणि किमतीतून वळतं कर." मग त्यांचा सर्वांत मोलाचा सल्ला: सर्व्हेयरला फोन लाव. कागदावर तो कार्पेट उचलता आलं नाही, जड सामान हलवता आलं नाही, तज्ज्ञाकडून तपासून घ्यावे, असंच लिहिणार. खटल्याची भीती त्यालाही आहे. फोनवर तोच माणूस सांगतो, "मी घेतलं असतं."

अहवालाच्या शेवटी वकिलासाठी काही मुद्दे असतात. मागच्या खोलीच्या वाढीव बांधकामाला परवानगी होती का, वगैरे. सॉलिसिटर घर कधीच बघत नाही आणि सर्व्हेयर कागद कधीच बघत नाही. दोघांना पैसे तू देतोस, पण त्यांची एकमेकांशी ओळख नसते. ते पान सॉलिसिटरला तूच पाठवायचंस. हे न केल्याने झालेल्या फजित्या दादांना तोंडपाठ आहेत.

सर्चच्या यादीत चर्चचा उल्लेख आला की दादा खुलतात. काही जमिनींच्या मालकांवर जुन्या चर्चच्या पूर्वेकडच्या भागाची, म्हणजे आपल्या भाषेत गाभाऱ्याची, दुरुस्ती बंधनकारक आहे. वॉरिकशायरमधल्या ॲस्टन कँटलो गावच्या एका दांपत्याकडे चर्चने असे पैसे मागितले. प्रकरण हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि २००३ मध्ये निकाल चर्चच्या बाजूने लागला. "घरात माळकरी, आणि वर्गणी चर्चची!" असं म्हणून दादा थोडक्या पैशांचा विमा सुचवतात आणि पुढचं पान उलटतात.

या सगळ्यात दादांना मिळतं काय? पोहे, चहा, वास्तुशांतीला शाल. ज्याला आपण पैसे देतो तोच आपला, हे त्यांचंच सूत्र त्यांना लावलं तर त्यांचा शब्द मानायचं काही कारण उरत नाही. हे मी एकदा त्यांना बोलून दाखवलं. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "बरोबर आहे. म्हणून तर सर्व्हेयर लाव म्हणतो."

वहिनींना मात्र मोठं घर हवं होतं, आणि दादांच्या परीक्षेत एकही घर पास होत नव्हतं. शेवटी गेल्या वर्षी वहिनींनीच एक पसंत केलं आणि राहतं विकायला काढलं. विक्रेत्याचा माहितीचा फॉर्म दादांनी भरला, वर तीन पानं जोडली. शेजाऱ्याशी वाद? हो, एकदा कुत्र्यावरून, सामोपचाराने मिटला. काय काय सोडून जाणार त्या फॉर्मात टॉयलेट रोलच्या दांडीलाही रकाना असतो; तिथे त्यांनी ती एका बाजूने सैल असल्याचं नमूद केलं. एजंटचा फोन आला, इतकं लिहायची गरज नव्हती म्हणून.

मग खरेदीदाराचा सर्व्हेयर आला. कोवळा पोरगा, हातात टॅबलेट. लेव्हल टू. दादांना ते लागलं. दोनच? ऐंशी-नव्वद वर्षांच्या घराला? ते त्याच्या मागे मागे फिरू लागले. "माळ्यावर उजवीकडे टॉर्च मारा. नाही, अजून आत." स्वयंपाकघरातून वहिनींची हाक, "अहो, जरा इकडे या." दादा गेले नाहीत. पन्हळीचा सांधा दाखवला. दुसरी हाक. पोरगा आभार मानून निघाला, तसे दादा दारात आडवे आले. "सोफ्यामागची भिंत राहिली. मीटर लावलंच नाही तुम्ही तिथे."

"आम्ही जड सामान हलवत नाही, सर."

"तुम्ही नका हलवू. मी हलवतो."

दोघे आत आले. सोफ्यावर वहिनी बसल्या होत्या, आणि उठायचं नाव घेत नव्हत्या.