नानांचं ॲव्हरेज

नवी गाडी दारात आली की रंग, कंपनी, किंमत ही चौकशी लोक रीत म्हणून करतात. खरा प्रश्न पेढा तोंडात टाकल्यावर येतो : "ॲव्हरेज किती देते?"

कोथरूडच्या नानांकडे याचं उत्तर दशांश चिन्हासकट तयार असतं. टाकी फुल करायची, किलोमीटर वहीत टिपायचे, पुढच्या वेळी पुन्हा फुल करून भागाकार. पद्धत बिनचूक आहे, त्याबद्दल नानांना पैकीच्या पैकी गुण.

घोळ होतो तो खंडाळ्याला. बोरघाटाचा उतार लागला की नाना गाडी न्यूट्रलला टाकतात आणि खोपोलीपर्यंत पेट्रोल वाचवल्याच्या आनंदात तरंगत जातात. मागच्या सीटवर नानी रामरक्षा सुरू करतात. कार्ब्युरेटरच्या जमान्यात या युक्तीत थोडंफार तथ्य होतं. आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत मात्र गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की चाकंच इंजिन फिरवतात आणि गाडीतला कॉम्प्युटर पेट्रोल तोडतो. न्यूट्रलला टाकलं तर इंजिन जागं ठेवायला पेट्रोल लागतंच. वर इंजिनाची ओढ गेल्यामुळे सगळा भार ब्रेकवर. ते तापले की धरत नाहीत. थोडक्यात, नाना पैसे खर्च करून जीव धोक्यात घालतात.

घाट संपला की एसी बंद, चारही काचा खाली आणि काटा शंभरावर. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 80 वरून 100 वर गेलं की तो दीडपटीच्याही वर जातो. टपावर कुणाच्या तरी बिऱ्हाडासाठी बसवलेलं कॅरिअर आहेच, रिकामं, हवा अडवायला.

मध्यंतरी महिनाभर गाडी सूनबाईंकडे होती. त्यांच्याकडे युक्त्या नाहीत, नजर आहे. पुढचा सिग्नल लाल दिसला की त्या लांबूनच पाय काढतात. गाडी रेंगाळत पोचेपर्यंत बरेचदा हिरवा होतो. ब्रेक कमी, म्हणून पुन्हा वेग घेण्याचा खर्चही कमी. इंजिन ओरडायच्या आत वरचा गिअर. सिग्नल लांबला तर इंजिन बंद.

वहीतला आकडा वर गेला. नानांनी पंपवाल्यावर संशय घेतला.

टायरमध्ये हवा कमी असली तरी पेट्रोल जास्त लागतं. किती भरायची, तो आकडा बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. नानांनी तो अजून वाचलेला नाही; तुम्ही उद्या सकाळी वाचून, टायर थंड असताना, तेवढी हवा भरून घ्या.