तीनशे डीपीआयचे उपासक

सातारा व सांगली या जिल्ह्यांच्या महाविद्यालयीन जीवनात, विशेषतः पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याची मुदत तोंडाशी आली असता, असा एक विद्वान हमखास आढळतो की, ज्याची आपल्या निष्कर्षांवर जेवढी श्रद्धा नसते, तेवढी आकृत्यांच्या फाइलींच्या वजनावर असते. साताऱ्याच्या पोवई नाक्यापासून सांगलीच्या विश्रामबागेपर्यंत त्याचा मंत्र एकच: ‘तीनशे डीपीआय पाहिजे.’ डीपीआय म्हणजे छापील कागदाच्या एका इंचात बसणारे ठिपके, हे त्याला ठाऊक असतेच असे नाही. नियतकालिकाच्या संपादकाने मागितले आहे, एवढे कारण त्यास पुरते.

विषय बहुधा घरचाच असतो. महाबळेश्वरी उगम पावून कराडला कोयनेस भेटणारी कृष्णा सांगलीच्या आयर्विन पुलाशी किती चढली, याचा आलेख काढून त्यावर 40 फुटांची इशारा पातळी व 45 फुटांची धोका पातळी आडव्या रेषांनी दाखवणे, हे काम ‘आर’ या मोफत सांख्यिकी प्रणालीत चार ओळींत उरकते. ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी 1990च्या दशकात ती रचली, तेव्हा आलेख काढणे सोपे करून त्यांनी खरा पुरुषार्थ आलेख साठवण्यासाठी राखून ठेवला असावा.

कारण ‘पीएनजी’ ही आज्ञा देताना आकार सांगितला नाही, तर 480 गुणिले 480 पिक्सेलांचे, म्हणजे तेवढ्या बारीक रंगीत चौकटींचे, चित्र मिळते. ते पडद्यावर साजरे दिसते, पण सात इंच रुंद छापताच कृष्णेचा चढ घाटाच्या पायऱ्यांसारखा दिसू लागतो. यावर त्याचा पहिला उपाय म्हणजे तेच चित्र ‘पेंट’मध्ये उघडून ओढून मोठे करणे, ज्यायोगे पिक्सेल वाढतात आणि माहिती होती तेवढीच राहते. पुढल्या खेपेस तो सात इंचांना तीनशेने गुणून 2100 पिक्सेल मागतो, परंतु एका इंचात किती पिक्सेल धरावेत हे सांगणारा ‘रेस’ हा घटक विसरतो. मग अक्षरे इतकी बारीक उमटतात की मार्गदर्शक चष्मा कपाळावर चढवून, कागद नाकाशी नेऊन विचारतात, ‘अहो, हे लिहिलंय काय?’ तेही जमले, तर शेवटी फाइल मिटवणारी ‘डेव्ह डॉट ऑफ’ ही आज्ञा राहून जाते आणि फाइल उघडतच नाही. यात दोष अर्थातच संगणकाचा ठरतो.

एकदा मात्र साधले की त्याला आवरणे कठीण. संपादक 300 मागतात, हा 1200 देतो. सात इंच लांबीरुंदीची रंगीत आकृती ‘टिफ’ स्वरूपात, आकुंचन न करता, 300 डीपीआयला सुमारे 13 एमबी होते. 1200ला ती चौपट नव्हे, सोळापट, म्हणजे सुमारे 212 एमबी होते, कारण ठिपके दोन्ही दिशांनी वाढतात. पोरांना वर्गाचे गणित शिकवणाऱ्या या गृहस्थास ते स्वतःच्या फाइलीपुरते लागू वाटत नाही. एवढे धूड ईमेलला जोडले जात नाही, म्हणून तो त्याचा मोबाईलवर फोटो काढून व्हॉट्सॲपने मार्गदर्शकांना धाडतो. पुढे प्रबंधाच्या पाच प्रती काढताना खर्च वाचवण्यासाठी झेरॉक्स काळीपांढरी घेतली जाते, तेव्हा पिवळी इशारा रेषा कागदाच्या पांढऱ्यात जवळपास विरते व तांबडी धोका रेषा नुसती करडी उरते. डीपीआय मात्र शाबूत असतो.

आलेखात बिंदू असतात बारा. अशा रेषांच्या आकृतीसाठी ठिपके मोजण्याचे कारणच नसते, कारण पीडीएफ फाइलीत रेषा ठिपक्यांनी नव्हे, तर तिच्या टोकांच्या निर्देशकांनी नोंदवली जाते. त्यामुळे तोच आलेख काही केबींत मावतो आणि फ्लेक्सएवढा छापला तरी फाटत नाही.