रोमन कॉपी

नानांना एखादी गोष्ट पसंत पडली नाही की ते दोनच शब्द उच्चारतात : ‘रोमन कॉपी.’ आमच्या कोपऱ्यावर नवं मिसळीचं दुकान निघालं. नानांनी तर्री चाखली, चमचा खाली ठेवला आणि निकाल दिला, ‘रोमन कॉपी.’ टीव्हीवर जुन्या भावगीताला ढोल लावून कुणी म्हटलं, रोमन कॉपी. दुसऱ्या मजल्यावरच्या चिरंजीवांनी सोसायटीच्या सभेत थेट वडिलांच्या आवाजात भाषण ठोकलं, तेव्हाही नाना माझ्या कानाशी लागून तेच पुटपुटले. नवख्या माणसाला वाटतं, ही घड्याळाची नाहीतर चपलांची काहीतरी भानगड असावी. तो भाबडेपणाने विचारतो, ‘म्हणजे काय हो नाना?’ आणि त्याची संध्याकाळ तिथेच संपते.

कारण मग नाना खुर्ची पुढे ओढतात. ग्रीकांनी आपले उत्तमोत्तम पुतळे कांस्यात ओतले. पुढच्या लोकांना धातूची गरज पडली, पुतळे वितळले. तोवर रोमन श्रीमंतांनी आपल्या बागांसाठी त्यांच्या संगमरवरी नकला करवून घेतल्या होत्या, म्हणून त्या तरी उरल्या. मायरनचा थाळीफेक्या बघ, मूळ इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातलं, कांस्याचं. गेलं. जगभर जो दिसतो तो सगळा रोमन कॉपी. ‘आणि खरा कुठे असेल?’ असं विचारून नाना थांबतात. समोरच्याने ‘कुठे?’ म्हणायचं असतं. ‘कुणाच्या तरी घरी पातेलं होऊन!’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता नानांच्या आधी माझेच ओठ हलतात.

नाना टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. ठाण्यात दोन खोल्या, त्यातली एक ऑलिंपसवासीयांच्या ताब्यात. कुत्र्याचं नाव सर्बेरस. पाताळाच्या दारावरच्या त्या कुत्र्याला तीन डोकी होती, याला एकच आहे, पण भूक तिघांची. वॉचमन त्याला ‘सरबत’ म्हणतो आणि तो सरबत म्हटल्यावरच येतो.

झ्यूसच्या घरातल्या भानगडी नाना अशा सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, यांच्या चुलत घराण्यातलं प्रकरण आहे. ‘हेराचंही चुकलं नाही रे. नवऱ्याने असं वागल्यावर बाईने करायचं काय?’ त्यावर काकू आतून, ‘ऐका, ऐका, कोण बोलतंय!’ सुटीत बिल्डिंगमधली मुलं गोष्ट ऐकायला जमतात तेव्हा नानांची खरी कसोटी असते, कारण या गोष्टींत मुलांना सांगण्याजोगा भाग कमी. राजाने मुलीला, म्हणजे डॅनाईला, कांस्याच्या कोठडीत कोंडलं. मग झ्यूस सोन्याचा पाऊस होऊन छतातून खाली उतरला...

‘इथवर पुरे हं!’ काकू.

‘मग पुढे?’ मुलं.

‘पुढे पर्सियस झाला.’

‘कसा झाला?’

‘पावसामुळे,’ असं म्हणून नाना चष्मा पुसायला घेतात.

हल्लीच्या मुलांना मात्र नानांना वाटतं तितकं पढवावं लागत नाही. त्यांची नात पर्सी जॅक्सनची पुस्तकं वाचून तयार झालेली. एकदा डिस्नेचा हर्क्युलिस बघताना ती म्हणाली, ‘आजोबा, यात हेराला त्याची आई दाखवलंय. तिने तर त्याच्या पाळण्यात साप सोडले होते ना?’ नाना इतके हेलावले की त्यांनी तिला एकामागोमाग दोन आइस्क्रीम खाऊ घातली आणि तिसऱ्याच्या वाटेवर काकूंनी अडवलं. वरच्या मजल्यावरचा एक कॉलेजकुमार मोबाइलवर पाताळातून पळून जायचा गेम खेळतो, एका मुलीच्या दंडावर मेडुसा गोंदलेली आहे. नाना दोघांनाही जिन्यात गाठतात. ती मुलगी आता लिफ्टने जाते.

हे वेड त्यांना लागलं कसं, याचे खुलासे नाना वेळोवेळी वेगवेगळे देतात. मला काकूंचं निदान पटतं. त्या एकदा अंगारकीच्या उपासाला वऱ्याचे तांदूळ निवडताना म्हणाल्या, ‘यांचे देव फार सोयीचे. उपास नको, सोवळं नको, नवस नको. कोपले तरी तिकडेच कोपतात.’ मी पुढे लक्ष ठेवून पाहिलं, काकूंचं बरोबर होतं. घरच्या गणपतीसमोर नाना हात जोडून, डोळे मिटून, जरा भीतभीतच उभे असतात. अपोलोसमोर त्यांचे डोळे सताड उघडे. ज्या देवांकडे काही मागायचं नाही आणि ज्यांचं काही देणं लागत नाही, त्यांच्यावर माणूस असा निर्धास्त प्रेम करू शकतो.

अर्थात निर्धास्तपणाचाही इतरांना ताप होतो. सोसायटीच्या रंगकामाची सभा. सगळ्यांचं एकमत, क्रीम रंग. नाना उठले, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलेली चित्रं. ‘पांढरा संगमरवर ही आपली गैरसमजूत आहे,’ त्यांनी सुरुवात केली. ग्रीक आणि रोमन पुतळे रंगवलेले असत. ब्रिंकमन नावाच्या जर्मन संशोधकाने अतिनील किरणांखाली आणि तिरप्या उजेडात रंगांच्या खुणा शोधल्या, नकला रंगवून २००३ साली म्युनिकमध्ये मांडल्या. मग नानांनी एजिना बेटावरच्या देवळातला धनुर्धर फिरवला. अंगाला घट्ट विजार, तिच्यावर निळ्या-लाल-पिवळ्या-हिरव्या चौकटी.

सेक्रेटरी म्हणाले, ‘नाना, हा जोकर कोण?’

‘ट्रॉयचा धनुर्धर!’

बिल्डिंग क्रीम झाली. नाना येता-जाता तिच्याकडे बघतात, काय म्हणतात ते सांगायला नको.

नानांबरोबर सहलीला जाऊ नये असं आम्ही दर वर्षी ठरवतो. एकवीरेला गेलो की दर्शनाची रांग सोडून ते शेजारच्या कार्ल्याच्या चैत्यात शिरतात आणि खांबांवरच्या लेखांत यवन, म्हणजे ग्रीक, दात्यांची नावं शोधत बसतात. ‘धेनुकाकटाचे यवन. खांब दिलाय त्यांनी, खांब! आपण देवळाला पंखा देतो तर पात्यावर तिन्ही पिढ्यांची नावं घालतो.’ कोल्हापुरात अंबाबाईनंतर तांबड्या-पांढऱ्याची वेळ झालेली असते, तर यांना टाउन हॉलच्या संग्रहालयात पोसायडनला भेटायचं असतं. ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४०च्या दशकात सापडलेली ही कांस्यमूर्ती वीतभरही नाही. समुद्राचा देव पंचगंगेच्या काठी मिळाला, याचा नानांना दर वेळी नव्याने आनंद होतो. काकूंनी एकदा मनापासून विचारलं, ‘याला काय वाहतात हो?’

‘बैल.’

काकूंनी पर्समधले साखरफुटाणे परत आत ठेवले.

नानांचं दुसरं दुखणं लॉर्ड एल्गिन. १८०१ पासून पुढे दहा-बारा वर्षांत त्याच्या माणसांनी अथेन्सच्या पार्थेनॉनवरची शिल्पं उतरवली, १८१६ साली ब्रिटिश सरकारने ती विकत घेतली, आणि ती आजही लंडनला आहेत. एरेक्थियनचा सज्जा डोक्यावर पेलणाऱ्या सहा जणींपैकी पाच अथेन्सच्या संग्रहालयात, एक लंडनमध्ये. तिची जागा अथेन्सला मोकळी ठेवली आहे. इथवर आलं की नानांचा आवाज धरतो, जणू बहीणच सासरी अडकली आहे. मग संताप. ‘म्हणे तुर्की सरकारची परवानगी होती. कुठाय फर्मान? मूळ फर्मान दाखवा! दाखवतात काय, तर इटालियन तर्जुमा.’ आणि समोरच्याच्या छातीशी बोट नेऊन, ‘पावती आहे का पावती?’

हे बोट लक्षात ठेवा.

कारण यानंतर आमच्या सोसायटीतली काही मंडळी मिळून इटलीला गेली. रोम कसंबसं निभावलं. पॉम्पेईत नानांना आवरणं कुणालाच शक्य नव्हतं. झेंडीवाला टूर मॅनेजर पुढे, आम्ही मागे, आणि नाना एका भटारखान्यापाशी अडकलेले. तिथल्या एका भट्टीत ऐंशीच्या वर पाव तसेच, कोळसा होऊन सापडले होते. ‘सकाळचा घाणा होता रे,’ नाना म्हणाले, आणि आमच्यातल्या दोघा-तिघांनी आपोआप हातातली भाकरवडी खाली केली.

तिथेच सावलीत बसून त्यांनी प्लिनी मामा-भाच्याची गोष्ट सांगितली. सन ७९. उपसागरापलीकडे मायसीनमला मामा आरमाराचा प्रमुख, वय पंचावन्न, श्वासाची तक्रार. डोंगरातून ढग उठलेला दिसला तसं त्याचं कुतूहल चाळवलं, जहाज काढा म्हणाला. सतरा वर्षांच्या भाच्याला विचारलं, येतोस का? भाचा म्हणाला, नको, मला अभ्यास आहे. मामा गेला, वाटेत माणसांना वाचवायला वळला आणि स्टेबियाच्या किनाऱ्यावर गेलाच. भाचा जगला आणि ही सगळी हकिकत त्याने पुढे इतिहासकार टॅसिटसला पत्रांतून कळवली. ‘अभ्यासामुळे जीव वाचलेला मुलगा मला तरी दुसरा माहीत नाही,’ नाना म्हणाले. सहलीतल्या दोन आयांनी आपापल्या मुलांकडे पाहिलं. मुलांनी ज्वालामुखीकडे.

हा स्फोट २४ ऑगस्टला झाला असं पूर्वापार धरतात. २०१८ साली एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली १७ ऑक्टोबरची नोंद मिळाली, तेव्हापासून तो ऑक्टोबरात झाला असावा असं पुष्कळ अभ्यासक मानतात. नाना दोन्ही महिन्यांत एकेक दिवस पाळतात. तारीख-तिथीचा वाद मिटेपर्यंत दोन्हीकडे हजेरी लावावी, हे शहाणपण त्यांना शिवजयंतीने दिलेलं.

पण या सहलीचा कळस नेपल्सला झाला. तिथल्या पुरातत्त्व संग्रहालयात पॉम्पेईत सापडलेली भारतीय हस्तिदंती मूर्ती आहे. १९३८ साली तिथल्या एका घरात मिळाली, तेव्हापासून ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ म्हणून ओळखतात. नानांनी न्याहारीलाच जाहीर केलं, ‘आज आपली लक्ष्मी बघायची.’ बायका खूश. इतके दिवस उघडे पुरुष बघून त्या कंटाळल्या होत्या. एकीने हॉटेलातून फूलही घेतलं. नाना पुढे, मागे सात-आठ जणी, आणि दोन दालनं ओलांडून सगळ्या शिरल्या त्या संग्रहालयाच्या ‘गुप्त दालना’त.

हे नानांनी सांगायला हवं होतं. पॉम्पेई आणि हर्क्युलेनियममध्ये जे जे शृंगारिक सापडलं ते सगळं त्या दालनात कोंडलेलं. एके काळी बायका-मुलांना तिथे मज्जाव होता, आणि सर्वांसाठी ते कायमचं खुलं झालं २००० साली. नानांची नजर फक्त लक्ष्मीला शोधत होती, बाकी काही त्यांना दिसलंच नाही. बाकीच्यांना तेवढंच दिसलं. देवाचं आणि शेळीचं ते सुप्रसिद्ध शिल्प पाहून एक मावशी ‘अगो बाई’ म्हणाल्या आणि पुढचा अर्धा तास काहीच म्हणाल्या नाहीत. फूल पुन्हा पर्समध्ये गेलं. काकू भिंतीकडे पाठ करून उभ्या राहिल्या, तर समोरच्या भिंतीवर आणखी होतंच.

‘या, या, इथे!’ नाना काचेपाशी. मूर्ती जेमतेम वीतभर. मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्या, पायांत वाळे, दोन बाजूंना दोन दासी, आणि वस्त्र म्हणाल तर जवळजवळ नाहीच.

‘ही कुठली लक्ष्मी!’ काकू.

‘लक्ष्मी नसेलही. यक्षी असेल. आरशाची मूठ असावी असंही म्हणतात. पण कुठली म्हणाल तर...’ नानांनी जागा साधली, ‘भोकरदनची! पुरातत्त्वज्ञ ढवळीकरांनी मांडलंय. तिथल्या उत्खननात अशाच हस्तिदंती मूर्ती सापडल्या.’

इतका वेळ गप्प असलेल्या मावशींनी मान वर केली. त्यांचं माहेर जालना. ‘भोकरदन? आमच्या जालन्याजवळचं?’

‘तेच!’

मावशी काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. आजूबाजूचं सगळं विसरल्या. बांगड्या मोजल्या, दासींच्या हातातल्या डब्या न्याहाळल्या, केसांची घडण जुन्या पद्धतीची आहे असा शेरा मारला. मग वळून नानांना म्हणाल्या, ‘मग परत कधी देणार आहेत?’

‘नाही, म्हणजे... ही व्यापारात आली. एल्गिनचं वेगळं.’

‘कशावरून?’

‘तेव्हा व्यापार चालायचा ना. पैठणहून, तेरहून गाड्या भडोचला जायच्या. तिथून जहाजं.’

‘ते खरं हो,’ मावशींचं बोट नानांच्या छातीपर्यंत आलं, ‘पण पावती आहे का त्यांच्याकडे?’

ठाण्यात परतल्यावर नाना दोन आठवडे ग्रंथालयात होते. मग एका रविवारी ‘पेरिप्लस’च्या पानाची झेरॉक्स घेऊन ते मावशींच्या दारात उभे राहिले. पहिल्या शतकातला तो ग्रंथ लिहिणाऱ्या खलाशी-व्यापाऱ्याने भडोचहून काय काय निघतं ते लिहून ठेवलं आहे : जटामांसी, गुग्गुळ, अकीक, सुती कापड, पिंपळी. नानांनी हस्तिदंतावर लाल पेन्सिलीने गोल केला होता. मावशींनी चष्मा लावून सगळी यादी वाचली, कागद उलटवून मागची बाजूही पाहिली.

‘नाना,’ त्या म्हणाल्या, ‘ही यादी आहे. बिल कुठंय?’