फाशांचे पंचांग
हॅल रिचमन यांनी 1961 साली अमेरिकेत बाजारात आणलेल्या ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ या खेळात, म्हणजे खऱ्या बेसबॉलपटूंची कामगिरी पत्त्यांवर उतरवून फाशांच्या दानावर सामना खेळवण्याच्या पद्धतीत, प्रत्येक पत्ता सरलेल्या हंगामावर बेतलेला असतो. तरीही या पत्त्यांवर चालणाऱ्या आभासी लीगचे संघमालक हंगामापूर्वी भाकिते वर्तवताना आव असा आणतात, की जणू पत्ते हिवाळाभर व्यायाम करून आले आहेत. पहिल्या फाशावर एक ते तीन पडल्यास फलंदाजाचा पत्ता वाचायचा, चार ते सहा पडल्यास पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, आणि उरलेल्या दोन फाशांच्या बेरजेवरून निकाल लावायचा, एवढीच मुख्य यंत्रणा असताना ‘यंदा अमुक संघाची जिद्द कमी पडेल’ असे लिहिणारा विद्वान ती जिद्द कोणत्या रकान्यात छापली आहे, हे मात्र सांगत नाही. खऱ्या बेसबॉलच्या मेजर लीगमध्येही हंगामातल्या 162 पैकी शंभर सामने जिंकणारा संघ बलाढ्य गणला जातो, म्हणजे तोही साठएक वेळा हरतो (एवढी मोकळीक कुडमुड्या ज्योतिषालाही मिळत नाही). भाकितकर्ता स्वतःचा संघ बहुधा दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो, कारण पहिला लिहिणे उद्धटपणाचे दिसते आणि तिसरा लिहिणे जिवावर येते.