अनुयायी पाहिजेत

आमच्या पतसंस्थेत नेत्यांची टंचाई आहे, असा शोध संचालक मंडळाला लागला आणि आम्हा सगळ्यांची रवानगी नेतृत्व विकास शिबिरात झाली. ही टंचाई नेमकी कुठे दिसली, देव जाणे. आमच्याकडे शिपाई सोडला तर प्रत्येक जण दुसऱ्याला काम सांगतो. शिपाई कोणाचंच ऐकत नाही, म्हणजे तोही नेताच.

शिबिर होतं वर्धा जिल्ह्यातल्या बोर धरणाच्या बाजूला, एका रिसॉर्टमध्ये. तिथलं जंगल २०१४ साली व्याघ्रप्रकल्प झालं. तेव्हा देशातला सगळ्यात लहान म्हणून तो ओळखला गेला. वाघाचं एक बरं असतं. तो एकट्याने शिकार करतो, त्यामुळे त्याला कोणी संघभावना शिकवायला जात नाही. आम्हाला ती शिकवायला पुण्याहून एक उत्साही तरुण आले होते. "इथे कोणी साहेब नाही, कोणी कारकून नाही," असं त्यांनी सुरुवातीलाच जाहीर केलं. साहेबांनी मान डोलावली, मग आम्हीही डोलावली.

पहिला खेळ सोपा होता. एकाच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि बाकीच्यांनी नुसतं बोलून त्याला खुर्च्यांच्या गर्दीतून पार न्यायचं. वाट दाखवायला सगळे तयार, पट्टी बांधून घ्यायला कोणीच नाही. शेवटी वसुलीतल्या नव्या पोराला उभं केलं.

"डावीकडं ये!"

"अबे, उजवीकडं!"

"थांबा, मी सांगतो त्याले."

"तू काहून सांगतं बे? सिनिअर कोन हाये?"

पोरगं खुर्च्यांच्या मधोमध थांबलं आणि शांतपणे म्हणालं, "आंधी तुमचं ठरवा जी, मंग मले सांगा." प्रशिक्षकांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं : 'संवाद'.

नंतर कागदाचा मनोरा. आमच्या गटात माणशी एक आराखडा तयार झाला, पण कागद दुमडायला माणूस उरला नाही. रस्सीखेचीत तर कहर झाला. दोरीच्या पुढच्या हातभर भागावर आम्ही सगळे दाटीवाटीने उभे, आणि शेपूट मोकळं. खरा भार पेलतो तो शेवटचा गडी. पण शेवटच्याचा फोटो येत नाही ना!

या सगळ्यात मला राहून राहून आठवत होतं ते याच जिल्ह्यातलं, बोरपासून फार लांब नसलेलं पवनार. १९४० साली गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रहाचा डाव आखला. सगळ्यांनी एकदम उडी घ्यायची नाही. निवडलेल्या एकेकाने युद्धाविरुद्ध बोलायचं, तुरुंगात जायचं, मग पुढच्याने उभं राहायचं. पहिला मान विनोबांना. १७ ऑक्टोबरला त्यांनी पवनारला सुरुवात केली. तेव्हा देशात त्यांना ओळखणारे इतके थोडे, की हे विनोबा कोण, हे गांधीजींना 'हरिजन'मध्ये लिहून सांगावं लागलं. दुसरा नंबर जवाहरलाल नेहरूंचा! लाहोर, लखनौ आणि फैजपूर अशा तीन अधिवेशनांचे अध्यक्ष राहिलेला माणूस विनोबांच्या मागे रांगेत उभा राहिला, आणि पाळी यायच्या आधीच सरकारने त्यांना पकडून नेलं. आमच्याकडे असं झालं असतं, तर ज्येष्ठता डावलली म्हणून दुसऱ्या दिवशी उपनिबंधकांच्या टेबलावर अर्ज पडला असता.

पुढे १४ जुलै १९४२ ला काँग्रेस कार्यकारिणीने वर्ध्यातच ब्रिटिशांनी निघून जावं हा ठराव केला. ऑगस्टमध्ये मुंबईत त्यावर शिक्कामोर्तब झालं आणि ९ तारखेला पहाटे झाडून सगळे मोठे पुढारी गजाआड गेले. नेत्यांची टंचाई म्हणतात ती तेव्हा पडली होती, खरीखुरी. तरी १६ ऑगस्टला याच जिल्ह्यातल्या आष्टीचे लोक पोलीस ठाण्यावर चालून गेले. गोळ्या झेलल्या, जीव दिले. त्यांना कुणी शिबिरात नेलं नव्हतं. आपण कशाच्या मागे चाललोय, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. माझ्या मते सगळं नेतृत्वशास्त्र एवढंच आहे; उरलेल्या खुर्च्या आणि पट्ट्या.

समारोपाला अभिप्राय मागितले, तेव्हा मी उठून म्हणालो, "पुढच्या वर्षी अनुयायी विकास शिबिर ठेवा. दुसऱ्याचं ऐकावं कसं, मागे उभं राहावं कसं, आपला आराखडा खिशात ठेवून कागद कसा दुमडावा, हे शिकवा."

टाळ्या पडल्या. साहेबांना कल्पना फारच आवडली. त्यांनी तिथल्या तिथे विचारलं, "या शिबिराची सूत्रं कोण घेणार?"

सभागृहातले सगळे हात वर गेले. आता निवड समिती नेमली आहे, आणि तिच्या अध्यक्षपदासाठी चुरस आहे.