बाग सर्वांची, डोकं ज्याचं त्याचं

उन्हाळा लागला की आपल्याकडचे आईवडील सहा महिन्यांसाठी अमेरिकेला लेकाकडे निघतात. बॅगेत काय भरायचं ते आधी जाऊन आलेले शेजारी सांगतात: मेतकूट, गोळ्यांची चिठ्ठी, गुडघ्याचा पट्टा. हेल्मेट कुणी सांगत नाही. सांगायला हवं, कारण तिथे सकाळी ज्या देखण्या बागेत फिरायला जायचं, त्याच बागेत अनेकदा डिस्क गोल्फ चालतो.

डिस्क गोल्फ म्हणजे गोल्फच. चेंडूऐवजी प्लॅस्टिकची चकती आणि खड्ड्याऐवजी साखळ्या लटकवलेली लोखंडी टोपली. फ्रिस्बीवाल्या व्हॅम-ओ कंपनीतल्या एड हेड्रिक यांनी १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कात या खेळाचं पहिलं कायमचं मैदान आखलं. २००२ मध्ये ते गेले, तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार त्यांची रक्षा चकत्यांच्या प्लॅस्टिकात मिसळली गेली. आपण रामकुंडावर जातो. हे गृहस्थ अजून हवेत आहेत.

चकतीला फ्रिस्बी समजू नये. ही छोटी, टणक आणि कडेला निमुळती. गोल्फचा चेंडू ४६ ग्रॅमच्या आतला, ही पावणेदोनशेच्या आसपास. २०१४ मध्ये सायमन लिझॉट याने ती ताशी १४४ किलोमीटर वेगाने फेकली. बागेतला हौशी खेळाडू त्याच्या निम्म्या वेगाने फेकतो, असं म्हणून वाटल्यास धीर धरावा. क्रिकेटमध्ये या वेगासमोर उभ्या राहणाऱ्याला पॅड मिळतात, मानधन मिळतं, मुख्य म्हणजे गोलंदाज समोरून येतो. आजोबांकडे कानटोपी असते आणि चकती पाठीमागून येते. खेळाडू सभ्य असतो, तो जोरात ओरडतो. ओरडणं ऐकून माणूस काय करतो? वळून वर बघतो. पाठीवर बसायचं ते अशा रीतीने नाकावर घेतलं जातं.

आता आखणीचं शास्त्र. उजव्या हाताने नेहमीसारखी फेकलेली चकती शेवटी वेग कमी झाला की डावीकडे वळते. नवशिक्याच्या हातून उशिरा सुटली तर उजवीकडे जाते. तेव्हा पायवाट डावीकडे असेल तर जाणकारांपासून जपावं, उजवीकडे असेल तर नवशिक्यांपासून. मधोमध सर्वांत सुरक्षित म्हणावं, तर तिथे टोपली असते.

चांगल्या आखणीकारांना हे सगळं ठाऊक असतं, हे कबूल करायला हवं. पायवाटेकडे पाठ करून फेकायला लावावं, मध्ये झाडांचा आडोसा ठेवावा, फेकणाऱ्याला पुढचं सगळं दिसावं, टोपलीमागे बाकडं नको. पण बागखात्याला हा खेळ आवडतो तो स्वस्त म्हणून. गोल्फला स्वतंत्र जमीन लागते, कुंपण लागतं. इथे टोपल्या रोवल्या, चार ठिकाणी काँक्रीट ओतलं की झालं. जागा कोणती? ‘मोकळी’. म्हणजे जिथे माणसांखेरीज कुणी नाही अशी. सपाट गवत, ओढ्याचा काठ, झाडांची सावली पाहून पूर्वी कुणीतरी पायवाट काढलेली असते. आखणीकारालाही नेमकं तेच आवडतं. दोघांची रसिकता जुळते आणि एका वळणावर त्यांची गाठ पडते.

मग तक्रार येते, समिती बसते आणि पाटी लागते: ‘उडत्या चकत्यांपासून सावध’. पाटी पहिल्या टोपलीच्या सुरुवातीला, खेळाडूंकडे तोंड करून. फिरणारे मागच्या फाटकातून येतात.

नियमांची मात्र कमतरता नाही. फेकीमुळे कुणाला इजा होण्याची शक्यता असेल तर फेकू नये, असं पुस्तकात स्वच्छ लिहिलंय. सक्तीचं झाड चुकीच्या बाजूने ओलांडलं तर एका फेकीचा दंड. आजोबांना कुठल्याही बाजूने ओलांडलं तरी गुणपत्रिकेवर काही नाही. पायवाट हद्दीबाहेर ठरवली असेल आणि चकती तिच्यावर विसावली, तर पुन्हा एका फेकीचा दंड. पण चकती वाटेत प्रेक्षकाला किंवा प्राण्याला लागली, तर ती जिथे थांबेल तिथून खेळ पुढे चालू. आजोबा प्रेक्षक की प्राणी, ते खेळाडूंनी आपसात ठरवावं. थोडक्यात, त्यांच्या खांद्यावर आपटून चकती पुन्हा गवतात आली, तर दंड वाचला. खेळाडू मनापासून आभार मानतो आणि उद्याही याच वेळी येणार का, असं विचारतो.